डीव्हीडीचा हलता मेन्यू आणि ट्रान्झिशन स्वतः बनवायचे, अगदी पहिल्यापासून

डीव्हीडी ऑथरिंगच्या (व्हिडिओ आणि मेन्यू जोडून डिस्क तयार करण्याच्या) जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तयार मेन्यू टेम्प्लेट मिळतात आणि घाईच्या वेळी ती चालतातही, पण स्वतः शूट केलेल्या, स्वतः एडिट केलेल्या फिल्मला कुणा दुसऱ्याने बनवलेली फुलांची चौकट लावणं ज्यांच्या जिवावर येतं, हा लेख अशांसाठी आहे. स्वतःचा हलता मेन्यू बनवणं वाटतं तितकं अवघड नाही. महागडं सॉफ्टवेअर लागतं असंही नाही, ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि तुम्ही ज्यात फिल्म एडिट करता त्यात लेयर (एकावर एक थर) आणि कीफ्रेम (हालचाल ठरवणाऱ्या खुणा) असतील तर तेवढ्यावरही भागतं. ऑथरिंगसाठी डीव्हीडीस्टायलर फुकट आहे, त्याच्या आत डीव्हीडीऑथर नावाचं प्रोग्रॅम काम करतं आणि ते नुसतं कमांड लाइनवरूनही वापरता येतं. जुन्या लोकांकडे ॲडोबी एन्कोर किंवा ॲपलचं डीव्हीडी स्टुडिओ प्रो असेल, दोन्ही कंपन्यांनी बंद केली आहेत पण चालू मशीनवर इन्स्टॉल असतील तर आजही उत्तम काम देतात. खाली जे सांगतोय ते कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडतं, फक्त बटनांची नावं आणि मेन्यूतल्या जागा बदलतील.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. डीव्हीडी प्लेयर स्वतः काहीही ॲनिमेट करत नाही. तो व्हिडिओ चालवतो आणि त्याच्यावर चार रंगांचं एक साधं चित्र ठेवतो, बस. बटन सरकत येताना दिसतं, पान उलटताना दिसतं, कॅमेरा फोटोत घुसताना दिसतो, ते सगळे आधीच रेंडर करून (तयार व्हिडिओ म्हणून बनवून) ठेवलेले व्हिडिओचे छोटे तुकडे असतात आणि प्लेयर ते सांगितलेल्या क्रमाने चालवतो. म्हणून खरं कसब तुकड्यांमध्ये कमी आणि जोडांमध्ये जास्त आहे. साधे तुकडे असले आणि जोड दिसला नाही तर मेन्यू एकदम व्यावसायिक वाटतो, आणि ग्राफिक्स कितीही भारी असलं पण जोडाला चित्र उडी मारतंय असं दिसलं तर सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

तुकडे कोणते लागतात

एक उदाहरण धरून चालू म्हणजे बोलायला सोपं जाईल. समजा टेबलावर एक फोटो अल्बम ठेवलाय. कॅमेरा वरून खाली येतो, अल्बमचं कव्हर उघडतं, हा झाला इंट्रो, साधारण ४ सेकंद. मग उघडं पान दिसतं, त्यावर तीन बटनं आहेत, 'पूर्ण फिल्म', 'प्रसंग', 'भाषा', आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात धुळीचे कण हळूहळू तरंगतायत, हा झाला लूप, जो बघणारा काही दाबेपर्यंत फिरत राहतो. 'प्रसंग' दाबलं की पान उलटतं आणि आतल्या पानावर सहा छोटे फोटो दिसतात, हे उलटणं म्हणजे ट्रान्झिशन. परत यायचं तर पान उलट दिशेने उलटतं, ते दुसरं ट्रान्झिशन. आणि 'पूर्ण फिल्म' दाबलं की कॅमेरा पानावरच्या फोटोत शिरतो, स्क्रीन काळी होते आणि फिल्म सुरू, ते तिसरं.

पायरी १: कागदावर नकाशा काढा

कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागदावर चौकोन काढा. प्रत्येक तुकड्याला एक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनातून बाहेर जाणारे बाण. बटन नसलेल्या तुकड्यातून एकच बाण निघतो, तो संपला की कुठे जायचं एवढाच. लूपमधून एक बाण स्वतःकडेच परत येतो आणि बाकीचे प्रत्येक बटनाचे. फिल्म संपल्यावर कुठे जायचं तो बाणही काढा, रिमोटवरचं मेन्यू बटन दाबल्यावर कुठे यायचं तोही काढा, हे दोन बाण नवीन माणूस हमखास विसरतो आणि मग फिल्म संपल्यावर प्लेयर काळ्या स्क्रीनवर थांबून राहतो किंवा पुन्हा सगळा इंट्रो दाखवतो.

इथेच तुकडेही मोजून घ्या. प्रसंगांच्या मेन्यूत सहा फोटो आहेत आणि जो दाबला तोच मोठा होत जायला हवा असेल तर सहा वेगवेगळे ट्रान्झिशन रेंडर करावे लागतील. जागेची काळजी करू नका, ८ एमबीपीएसने (सेकंदाला ८ मेगाबिट) एक सेकंदाचा व्हिडिओ साधारण १ एमबी घेतो, म्हणजे ४ मिनिटांचे मेन्यू धरले तरी २४० एमबीच्या आसपास, आणि सिंगल लेयर डिस्कवर ४.७ जीबी जागा असते. काळजी तुमच्या वेळेची करा. पहिल्या प्रोजेक्टला सहाही फोटोंना एकच ट्रान्झिशन ठेवलेलं बरं.

पायरी २: कॅनव्हास

तुमचा प्लेयर आणि टीव्ही पाल आहे की एनटीएससी (टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती) ते बघा. पालला फ्रेम ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम, एनटीएससीला ७२० बाय ४८० आणि २९.९७ फ्रेम. गोंधळ होतो तो इथे की डीव्हीडीचे पिक्सेल चौकोनी नसतात, टीव्हीवर ते ताणले जातात, म्हणून ७२० च्या कॅनव्हासवर काढलेलं गोल वर्तुळ वाइडस्क्रीनवर अंड्यासारखं दिसतं. सोपा उपाय म्हणजे चौकोनी पिक्सेलच्या कॅनव्हासवर काम करायचं, पाल वाइडस्क्रीनला १०२४ बाय ५७६, जुन्या ४:३ ला ७६८ बाय ५७६, एनटीएससीला अनुक्रमे ८५४ बाय ४८० आणि ६४० बाय ४८०, आणि अगदी शेवटी एन्कोड करताना (डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलताना) रुंदी दाबून ७२० करायची. उदाहरणात मी पाल वाइडस्क्रीन धरतोय.

सेफ एरिया, म्हणजे कुठपर्यंतचं चित्र टीव्हीवर नक्की दिसेल ते दाखवणाऱ्या रेघा, चालू ठेवा. जुने टीव्ही कडा कापतात, त्यामुळे मजकूर आणि बटनं चारही बाजूंनी १० टक्के आत ठेवायची, नुसती सजावट ५ टक्के आत चालते.

अक्षरांबद्दल थोडं जास्त सांगतो कारण मराठीत मेन्यू करताना याचा फार फरक पडतो. टीव्हीवर इंटरलेस्ड चित्रात एक फ्रेम दोन फील्डमध्ये येते, एकात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम, त्यामुळे एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ फक्त एकाच फील्डमध्ये सापडते आणि सतत लुकलुकते. आपल्या प्रत्येक शब्दावर शिरोरेखा असते, म्हणजे मेन्यूतला प्रत्येक शब्द एक आडवी रेघ घेऊनच येतो. बारीक, नाजूक फॉन्ट कॉम्प्युटरवर सुंदर दिसतात आणि टीव्हीवर त्यांची शिरोरेखा थरथरते. म्हणून जाड फॉन्ट घ्या, शिरोरेखा निदान ३-४ पिक्सेल जाड पडेल एवढा मोठा ठेवा, आणि तरी लुकलुक वाटली तर मजकुराच्या लेयरला उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर द्या. अजून एक, गडद लाल अक्षरं टाळा. डीव्हीडीत रंगाची माहिती आडवी-उभी दोन्हीकडे अर्ध्या रिझोल्यूशनने साठवली जाते त्यामुळे लाल कडा पसरतात. एकदम शुभ्र पांढराही नको, थोडा करडा मिसळलेला पांढरा टीव्हीवर पांढराच दिसतो.

पायरी ३: लूप, आणि हाच सगळ्यात जास्त वेळ घेणारा भाग

इंट्रो आधी बनवावासा वाटतो पण लूप आधी बनवा, कारण इंट्रोचा शेवट लूपच्या सुरुवातीला जाऊन मिळायचाय.

लूपचे दोन प्रकार असतात. तुम्ही स्वतः कीफ्रेमने हलवलेलं ग्राफिक असेल तर नियम सरळ आहे, जे जे हलतंय त्याचे पूर्ण फेरे लूपमध्ये बसले पाहिजेत. लूप ३२ सेकंदांचा, म्हणजे ८०० फ्रेम. एक गोष्ट ४०० फ्रेममध्ये एक फेरा मारते, दुसरी २०० मध्ये, तिसरी ८०० मध्ये, चालेल. ३०० फ्रेमचा फेरा चालणार नाही कारण तो मधेच तुटतो. आता बारीक गोष्ट, पहिली कीफ्रेम ० वर आणि तशीच हुबेहूब शेवटची ८०० वर लावायची, पण रेंडर करायचं ० ते ७९९. ८०० वी फ्रेम पण रेंडर केलीत तर तीच फ्रेम लागोपाठ दोनदा दिसते आणि लूप फिरताना हलणाऱ्या वस्तूला एक छोटा ठेचका लागतो. ठेचका कशामुळे लागतोय ते लोकांना कळत नाही पण जाणवतो नक्की.

दुसरा प्रकार म्हणजे शूट केलेला व्हिडिओ, धूळ, पाणी, ढग, पडदा, दिव्याची ज्योत. याचा शेवट सुरुवातीला कधीच जुळत नाही. इथे करायचं असं: ३४ सेकंदांची क्लिप घ्या, बरोबर मधे १७ सेकंदांवर कापा आणि दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल करा, दुसरा अर्धा आधी, पहिला अर्धा नंतर. आता मधल्या जोडावर २ सेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे दोन्ही तुकडे २ सेकंद एकमेकांवर येतील आणि एकूण लांबी ३२ सेकंद होईल. गंमत बघा, नवीन क्लिपची शेवटची फ्रेम आणि नवीन क्लिपची पहिली फ्रेम या मूळ शूटमध्ये एकापाठोपाठच्याच फ्रेम आहेत, त्यामुळे लूप फिरतो तिथे चित्र आपोआप जुळतं, आणि न जुळणारा भाग मधल्या क्रॉसफेडमध्ये विरघळून जातो. धूळ, धूर, पाणी यांना हे अप्रतिम लागू पडतं. माणूस चालतोय, गाडी जातेय अशा शॉटला नाही, तिथे क्रॉसफेडमध्ये भुतासारख्या दोन प्रतिमा दिसतात.

एवढं करूनही एक मर्यादा राहतेच, ती मान्य करून चालायचं. लूप संपला की प्लेयरला डिस्कवर मागे जाऊन पुन्हा वाचायला सुरुवात करावी लागते, त्यात बऱ्याच प्लेयरवर क्षणभर चित्र थांबतं. कॉम्प्युटरवर दिसत नाही, घरातल्या प्लेयरवर दिसतं. म्हणून लूप फार छोटा ठेवू नका, ५ सेकंदांचा लूप दर ५ सेकंदांनी अडखळतो आणि डोळ्यावर येतो. ३० सेकंदांच्या आसपास ठेवा, आणि हालचाल अशी आखा की लूपच्या टोकाला सगळं सगळ्यात संथ झालेलं असेल. धुळीचे कण तिथे जवळजवळ स्थिर, उजेड तिथे मंद. थांबलेल्या चित्रावर क्षणभर थांबलेलं कुणाला कळतच नाही.

आता इंट्रो. तो आणि लूप शक्यतो एकाच टाइमलाइनवर बनवा आणि मग कापा. इंट्रो १०० फ्रेमचा असेल तर ० ते ९९ इंट्रो, १०० पासून लूप. कव्हर उघडणं, कॅमेरा खाली येणं सगळं ९९ च्या थोडं आधीच संपलेलं असू द्या, आणि धुळीचे कण इंट्रोतही त्याच लेयरमधून तरंगत येऊ द्या, जोडाला अचानक उगवलेले दिसायला नकोत. इंट्रो ५ सेकंदांच्या वर नेऊ नका, पहिल्यांदा बघताना छान वाटतो आणि तिसऱ्यांदा माणूस रिमोट घेऊन वाट बघत बसतो.

पायरी ४: हायलाइट

बटनाचं चित्र व्हिडिओतच असतं. बटन निवडल्यावर जो रंग बदलतो तो सबपिक्चर नावाच्या वरच्या थरातून येतो, आणि या थराला एका वेळी फक्त चार रंग मिळतात, त्यातला एक बहुतेक पारदर्शकच ठेवावा लागतो. प्रत्येक रंगाला पारदर्शकतेच्या १६ पातळ्या. त्यात कडा मऊ करता येत नाहीत, ग्लो नाही, सावली नाही. गोल चकचकीत बटनाला तसाच गोल हायलाइट द्यायला गेलात तर कडा दातेरी दिसतील.

म्हणून हायलाइटचा आकारच असा निवडा की ज्याला मऊ कडा लागत नाहीत. आडवी जाड पट्टी, बाजूला छोटा चौकोन किंवा त्रिकोण, फोटोभोवती सरळ चौकट. शब्दाखाली रेघ देणार असाल तर उकार आणि खालच्या जोडाक्षरांसाठी जागा सोडा, 'सुरू' सारख्या शब्दाखाली इंग्रजीच्या सवयीने रेघ दिली की ती बरोबर उकारांमधून जाते. मी स्वतः शब्दाच्या डाव्या बाजूला ठिपका किंवा पट्टी देणं पसंत करतो, कुठलाही शब्द आला तरी बिघडत नाही.

हे चित्र बनवताना अँटी-अलायझिंग (कडा मऊ करणारी सोय) पूर्ण बंद करा. कडेला जरी करड्या रंगाचे दहा शेड आले तरी सॉफ्टवेअर एकतर एरर देतं नाहीतर स्वतःच रंग कमी करून कडा खराब करतं. रेघा किमान २ पिक्सेल जाड, शक्यतो ४. दोन बटनांचे चौकोन एकमेकांवर येऊ देऊ नका. निवडलेलं आणि दाबलेलं अशा दोन अवस्थांना वेगळे रंग द्या, दाबलेला रंग क्षणभरच दिसतो पण आपण दाबलं ते लागलं हे बघणाऱ्याला त्याच्यावरूनच कळतं. एका मेन्यूत जास्तीत जास्त ३६ बटनं बसतात, आणि वाइडस्क्रीन मेन्यू जुन्या टीव्हीवर लेटरबॉक्समध्ये (वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून) पण दाखवायचा असेल तर १८, कारण तिथे हायलाइट दोनदा साठवावा लागतो. तुम्हाला इतकी लागणार नाहीत, सहा-सात बटनांच्या वर मेन्यू वाचताच येत नाही.

हायलाइट जागचा हलत नाही. म्हणजे लूपमध्ये बटनं स्थिर पाहिजेत. बटनं उडत येऊ द्या, फिरत येऊ द्या, पण इंट्रोमध्ये. आणि एकदा बाण बटनांनी सगळीकडे फिरून बघा, खाली दाबल्यावर तिरकंच कुठेतरी जात असेल तर सॉफ्टवेअरने आपोआप लावलेले मार्ग हाताने बदला.

पायरी ५: ट्रान्झिशन

ट्रान्झिशनचा शेवट सोपा आहे. तो नेहमी पुढच्या मेन्यूच्या पहिल्या फ्रेमला मिळतो आणि ती फ्रेम ठरलेली असते, म्हणून दोन्ही एकाच टाइमलाइनवर लागोपाठ बनवून कापले की काम झालं.

सुरुवात अवघड आहे. बघणारा बटन कधी दाबेल सांगता येत नाही, लूप तेव्हा ३७ व्या फ्रेमवर असेल नाहीतर ६१२ व्या, आणि ट्रान्झिशनची पहिली फ्रेम मात्र एकच. त्यामुळे दाबल्या क्षणी मागचं चित्र उडी मारणारच. ही उडी काढून टाकता येत नाही, लपवावी लागते, आणि मला विचाराल तर चांगला मेन्यू डिझाइन करणं म्हणजे पहिल्या दिवसापासून ही उडी लपवायची सोय करून ठेवणं. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे ट्रान्झिशनच्या पहिल्या ५-६ फ्रेममध्येच काहीतरी मोठं स्क्रीनवरून जाऊ द्या, उजेडाचा झोत, पडदा, झरकन येणारं पान, जेणेकरून मागे काय बदललं ते दिसतच नाही. दुसरा, मला जास्त आवडणारा, म्हणजे लूपमध्ये मोठी गोष्ट स्थिर ठेवायची आणि फक्त बारीक गोष्टी हलवायच्या. आपल्या अल्बममध्ये पान स्थिर आहे, टेबल स्थिर आहे, हलतायत ते धुळीचे कण. दाबल्यावर पानाचा कोपरा उचलला जातो, डोळा लगेच त्या कोपऱ्याकडे जातो, आणि कण इकडचे तिकडे झाले ते कुणाच्याही लक्षात येत नाही. याउलट मागे मोठा ढग सरकतोय किंवा कॅमेराच फिरतोय असा लूप असेल तर पहिलाच रस्ता घ्यावा लागेल.

दुसरी बारीक गोष्ट हायलाइटची. ट्रान्झिशन सुरू झालं की मेन्यूचा वरचा थर निघून जातो, म्हणजे 'प्रसंग' च्या शेजारची पिवळी पट्टी एकदम गायब होते आणि मग पान उलटायला लागतं. डोळ्याला ती उघडझाप खटकते. म्हणून ट्रान्झिशनच्या व्हिडिओतच पहिल्या काही फ्रेमवर तशीच पट्टी, त्याच रंगात, त्याच जागी काढा आणि ७-८ फ्रेममध्ये विरू द्या. तसंच पुढच्या मेन्यूत पहिलं बटन आपोआप निवडलेलं असतं, त्याची चौकट ट्रान्झिशनच्या शेवटच्या काही फ्रेममध्ये उमटवत आणा. एवढ्याशा कामाने मेन्यू एकसंध वाटायला लागतो.

लांबी १ सेकंद, फार तर दीड. जाण्याचं १ सेकंद असेल तर परत येण्याचं अजून थोडं कमी ठेवा. उलटं ट्रान्झिशन म्हणून तीच क्लिप रिव्हर्स करायचा मोह होतो, पान उलटण्याला ते चालतं, पण मग हायलाइटच्या फ्रेम नव्याने कराव्या लागतात आणि रिव्हर्स क्लिपचा शेवट मुख्य लूपच्या पहिल्या फ्रेमला मिळतोय ना ते तपासावं लागतं.

पायरी ६: आवाज

संगीत लूपच्या लांबीला तालावर कापून बसवता आलं तर छानच, नाहीतर शेवटच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात हळूच शांत करा आणि सुरुवातीला तसंच हळूच वर आणा. लूप फिरताना प्लेयर थांबतो तेव्हा चित्रापेक्षा आवाज जास्त उघडा पडतो.

पालमध्ये एक हिशोब उपयोगी आहे. व्हिडिओची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि डॉल्बीच्या एसी३ आवाजाची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची. दोघांचा मेळ १६० मिलिसेकंदांवर बसतो, म्हणजे व्हिडिओच्या ४ फ्रेम बरोबर आवाजाच्या ५ फ्रेम. तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या फ्रेमची संख्या ४ ने भाग जाणारी ठेवली की दोन्ही एकाच जागी संपतात. म्हणूनच वर ३२ सेकंद आणि ८०० फ्रेम घेतल्या, आवाजाच्या बरोबर १००० होतात. १ सेकंदाच्या ट्रान्झिशनला २५ ऐवजी २४ किंवा २८ फ्रेम घ्या. एनटीएससीत असं सरळ जमत नाही, तिथे शांत शेवटावर भिस्त ठेवा.

आणि हे विसरू नका: मेन्यूच्या एका गटातल्या सगळ्या तुकड्यांचा आवाजाचा फॉरमॅट आणि आस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) एकच असावा लागतो. लूपला एसी३ स्टिरिओ आहे आणि ट्रान्झिशनला आवाजच नाही असं करू नका, ट्रान्झिशनला त्याच फॉरमॅटची शांतता जोडा. बरेच प्लेयर आवाज अचानक नाहीसा झाला की खट्ट करतात.

पायरी ७: एन्कोड

एमपेग-२, व्हिडिओ ७ ते ८ एमबीपीएस, आवाज ४८ किलोहर्ट्झ आणि १९२ केबीपीएस. डीव्हीडीत सगळं मिळून १०.०८ च्या वर जाता येत नाही आणि एकटा व्हिडिओ ९.८ च्या वर नाही, पण त्या टोकाला जाऊ नका, घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेयर अडखळतात. एफएफएमपेग हे एन्कोडचं प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात पाल डीव्हीडीचं तयार टार्गेट आहे, ते साइज, फ्रेम रेट आणि बाकी मर्यादा आपोआप लावतं, बिटरेट (वरचा एमबीपीएसचा आकडा) तेवढा हाताने द्या. फील्ड ऑर्डर (कुठलं फील्ड आधी येतं) सगळ्या तुकड्यांची एकच ठेवा, डीव्ही कॅमेऱ्याचं शूट खालच्या फील्डपासून सुरू होतं, ते वरच्या फील्डच्या प्रोजेक्टमध्ये तसंच टाकलं तर हालचाल पुढेमागे थरथरते.

पायरी ८: जोडणी आणि कमांड

आता कागदावरचे बाण सॉफ्टवेअरमध्ये काढायचे. एन्कोर आणि डीव्हीडी स्टुडिओ प्रोमध्ये लूप पॉइंट आणि ट्रान्झिशन यांच्या तयार जागा आहेत, तिथे क्लिप दिली की पुरे. डीव्हीडीस्टायलर किंवा डीव्हीडीऑथरमध्ये इंट्रो आणि प्रत्येक ट्रान्झिशन हा बटन नसलेला स्वतंत्र मेन्यू म्हणून घ्या आणि तो संपल्यावर चालणारी जी पोस्ट कमांड असते तिथे पुढचा मेन्यू नंबर द्या. लूपच्या पोस्ट कमांडमध्ये त्याचा स्वतःचाच नंबर. 'प्रसंग' बटन थेट प्रसंगांच्या मेन्यूवर न नेता ट्रान्झिशनवर न्यायचं.

इंट्रो एकदाच दिसावा यासाठी प्लेयरची मेमरी वापरा. प्रत्येक प्लेयरमध्ये १६ छोटे रकाने असतात, त्यात आपण आकडे ठेवू शकतो, डिस्क टाकल्यावर सगळ्यात शून्य असतं. डीव्हीडीऑथरमध्ये त्यांची नावं जी० पासून सुरू होतात आणि आपल्या वापराला जी१२ पर्यंत मोकळे असतात. इंट्रोच्या प्री कमांडमध्ये (तुकडा सुरू होण्याआधी चालणारी कमांड) सांगायचं की जी० मध्ये १ असेल तर थेट लूपवर जा, नसेल तर जी० मध्ये १ लिही आणि इंट्रो चालव. झालं, फिल्ममधून मेन्यू दाबून परत येणाऱ्याला सरळ पान दिसतं. ज्यांना पहिल्यांदाही थांबायचं नाही त्यांच्यासाठी इंट्रोवर पूर्ण स्क्रीनभर एक बटन ठेवा, त्याचे सगळे रंग पारदर्शक, आणि ते लूपवर नेऊ द्या. एंटर दाबलं की इंट्रो सुटतो.

परत आल्यावर आधीचंच बटन निवडलेलं असावं हेही करता येतं. प्लेयरला बटनाचा नंबर १०२४ ने गुणून द्यावा लागतो, पहिलं बटन १०२४, दुसरं २०४८, तिसरं ३०७२. प्रसंगांतून मुख्य मेन्यूवर येताना 'प्रसंग' हे दुसरं बटन निवडलेलं हवं, तर २०४८. पण ही कमांड लूपच्या प्री कमांडमध्ये लिहू नका. लूप प्रत्येक वेळी स्वतःकडे परत उडी मारतो तेव्हा प्री कमांड पुन्हा चालते, आणि बघणाऱ्याने 'भाषा' वर आणून ठेवलेला हायलाइट दर ३२ सेकंदांनी आपोआप 'प्रसंग' वर उडी मारतो. ती परतीच्या ट्रान्झिशनच्या पोस्ट कमांडमध्ये, पुढे उडी मारायच्या आधी लिहा.

डिस्कवर एकाहून जास्त टायटलसेट (फिल्म आणि त्यांच्या मेन्यूंचे गट) असतील तर टायटलसेटच्या मेन्यूतून फक्त त्याच सेटमधली फिल्म सुरू करता येते, दुसऱ्या सेटमध्ये जायला डिस्कच्या मुख्य मेन्यूच्या भागातून वळसा घालावा लागतो. पहिल्या प्रोजेक्टला सगळ्या फिल्म एकाच टायटलसेटमध्ये ठेवा, हा प्रश्नच येणार नाही.

पायरी ९: तपासणी

लगेच बर्न करू नका. आधी फोल्डर तयार करून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये तो डीव्हीडी म्हणून उघडा आणि कागदावरचा प्रत्येक बाण दाबून बघा, झाला की कागदावर टिक करा. इथे फक्त मार्ग बरोबर आहेत का ते कळतं, जोड कसे दिसतात ते नाही, कारण हार्ड डिस्कवरून वाचताना उडीला वेळच लागत नाही.

मग री-रायटेबल डिस्कवर कमी स्पीडने बर्न करा आणि टीव्हीला जोडलेल्या खऱ्या प्लेयरवर लावा, मिळेल तो सगळ्यात जुना प्लेयर घ्या. जरा लांब बसून बघा: शिरोरेखा थरथरतायत का, कडेचं बटन कापलं जातंय का, लूप फिरताना थांबतो ते खटकतंय का. खटकत असेल तर लूप पुन्हा बनवायची गरज नसते, क्लिपमधली सगळ्यात शांत जागा शोधा, तिथे कापा आणि आधीसारखी अदलाबदल करा, लूप आहे त्यामुळे जुना जोड मधे आपोआप जुळलेलाच असतो. फक्त इंट्रोचा आणि परतीच्या ट्रान्झिशनचा शेवट मग त्या नव्या पहिल्या फ्रेमला मिळवून पुन्हा रेंडर करावा लागतो, आणि संगीताचा फेड नव्या टोकाला सरकवावा लागतो.